गणवेशाचा अंमल : जर्मन बोलपट 'डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक'

मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला आणि भारतीय चित्रपटाला वाचा फुटली. त्याच्या नऊ दिवस आधी, ५ मार्च रोजी, बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला होता. कार्ल त्सुकमायर या पस्तिशीच्या आतल्या नाटककाराचे हे नाटक म्हणजे 'डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक', अर्थात 'क्योपेनिकचा कॅप्टन'. ते इतके गाजले की त्याच वर्षाच्या २२ डिसेंबरला त्यावरील बोलपट बर्लिनमध्ये प्रदर्शितही झाला. दिग्दर्शक होते रिचर्ड ओस्वाल्ड. नाटक ते बोलपट हा प्रवास अवघ्या साडेनऊ महिन्यांत पूर्ण झाला. जर्मन बोलपटाच्या पहिल्या पर्वातील महत्त्वाच्या विनोदी चित्रपटांत आज त्याची गणना होते.

हा विनोद मात्र निव्वळ करमणुकीचा नाही. कागदपत्रांअभावी कुठेच राहू न शकणारा एक म्हातारा चांभार जुन्या बाजारातून कॅप्टनचा गणवेश विकत घेतो आणि तो अंगावर चढवताच अख्खे नगर त्याच्यापुढे टाचा जुळवून उभे राहते, अशी ही कथा. तिच्या मुळाशी एक सत्यघटना आहे.

प्रत्यक्षात काय घडले?

विल्हेल्म फोग्ट याचा जन्म १३ फेब्रुवारी १८४९ रोजी पूर्व प्रशियातील टिल्झिट येथे झाला. वडिलांप्रमाणे तोही चांभारकाम शिकला. पण चोरी आणि बनावट कागदपत्रे यांसारख्या गुन्ह्यांपायी त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे तुरुंगातच गेली. शेवटची मोठी शिक्षा पंधरा वर्षांची होती. ती भोगून १९०६ च्या फेब्रुवारीत तो बाहेर पडला. काही काळ विस्मार येथे एका चांभाराकडे त्याला काम मिळाले. परंतु माजी कैदी म्हणून पोलिसांनी त्याला त्या भागातून हद्दपार केले. पुढे तो बर्लिनलगतच्या रिक्सडोर्फमध्ये बहिणीकडे आला. तेथूनही ऑगस्ट १९०६ मध्ये त्याच्यावर हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला.

त्यानंतर फोग्टने जुन्या कपड्यांच्या निरनिराळ्या दुकानांतून कॅप्टनच्या गणवेशाचे एकेक नग जमवले. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो गणवेश घालून तो बर्लिनच्या रस्त्यावर उतरला. पहारा बदलून परतणाऱ्या सैनिकांना त्याने थांबवले आणि आपल्यामागे येण्याचा हुकूम दिला. पाहता पाहता दहाएक सैनिकांची तुकडी त्याच्या हाताखाली जमली. तिला घेऊन तो रेल्वेने क्योपेनिकला पोहोचला. हे त्या काळी बर्लिनबाहेरचे स्वतंत्र नगर होते. १९२० मध्ये ते बृहद्बर्लिनमध्ये विलीन झाले.

नगरभवनाच्या दारांवर पहारा बसला. महापौर गेओर्ग लांगरहान्स आणि नगराचे खजिनदार यांना अटक करण्यात आली. स्थानिक पोलिसांनीही या 'कॅप्टन'चे हुकूम बिनबोभाट पाळले. बाहेर जमलेल्या गर्दीला आवरण्याचे काम त्यांनीच केले. फोग्टने तिजोरीतील साडेतीन हजारांहून अधिक मार्क ताब्यात घेतले आणि खोट्या नावाने सही करून रीतसर पावतीही दिली! अटकेतील मंडळींना पहाऱ्यात बर्लिनला रवाना करून, उरलेल्या सैनिकांना आणखी अर्धा तास जागेवर थांबण्यास सांगून तो स्वतः स्टेशनाकडे निघून गेला. कोणी अटकेचे वॉरंट मागितल्यास सोबतचे सैनिक हेच वॉरंट, एवढे उत्तर पुरेसे ठरले होते.

दहा दिवसांनी, तुरुंगातील एका जुन्या साथीदाराने दिलेल्या माहितीवरून पोलिसांनी त्याला पकडले. डिसेंबर १९०६ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पण तोवर सारे जग हसत होते. लोकांची सहानुभूती लुटल्या गेलेल्या नगरापेक्षा लुटणाऱ्याकडेच अधिक होती. कैसर दुसरा विल्हेल्म याने त्याला माफी दिली आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी फोग्ट सुटला. नंतर त्याने रंगमंचांवर स्वतःचे 'दर्शन' घडवले, सह्या केलेली चित्रे विकली, १९०९ मध्ये आत्मचरित्रही प्रसिद्ध केले. अखेर तो लक्झेंबर्गला स्थायिक झाला. ३ जानेवारी १९२२ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. ज्या पासपोर्टसाठी आपण हा खटाटोप केला असे तो सांगत असे, तो त्याला शेवटी जर्मनीने नव्हे, लक्झेंबर्गने दिला.

हा दावा कितपत खरा, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. तिजोरीत मोठी रक्कम मिळेल अशी त्याची अपेक्षा असावी, असेही मानले जाते. परंतु नाटककाराला नेमका हा पासपोर्टचा धागाच मोलाचा वाटला.

नाटक : गणवेशाचे आत्मचरित्र

कार्ल त्सुकमायर यांचा जन्म १८९६ मध्ये ऱ्हाईनकाठच्या नाकेनहाइम गावी झाला. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले. १९२५ च्या 'डेर फ्र्योलिखे वाइनबेर्ग' या सुखात्मिकेने त्यांना नाव मिळवून दिले. १९३० मध्ये 'डेर ब्लाउए एंगेल' या मार्लिन डीट्रिशच्या गाजलेल्या बोलपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. क्योपेनिकच्या घटनेवर नाटक लिहावे ही कल्पना त्यांना नट फ्रिट्झ कोर्टनर यांनी सुचवली. त्सुकमायर यांनी नाटकाला उपशीर्षक दिले, 'एक जर्मन परीकथा'.

तीन अंक आणि एकवीस प्रवेशांच्या या नाटकात कथानकाचे दोन धागे समांतर चालतात. एक फोग्टचा, तर दुसरा चक्क गणवेशाचा. पॉट्सडॅमच्या वोर्मसर या शिंप्याच्या दुकानात फॉन श्लेटो नावाच्या कॅप्टनसाठी हा गणवेश शिवला जातो. हा कॅप्टन एका रात्री साध्या कपड्यांत कॅफेमध्ये गेला असता मारामारीत सापडतो. अंगावर गणवेश नसल्याने त्याचा अधिकार कोणी मानत नाही आणि त्याला सैन्य सोडावे लागते. गणवेश पुन्हा शिंप्याकडे येतो. पुढे तो राखीव दलात अधिकारी झालेल्या ओबरम्युलर याला मिळतो; हाच पुढे क्योपेनिकचा महापौर होतो. अंगाने सुटल्यावर त्याला तो पुरत नाही. मग एका नृत्यसमारंभात तो मिरवला जातो, त्यावर मद्य सांडते आणि शेवटी तो क्राकाउअर या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे येऊन पडतो. तेथे फोग्ट तो विकत घेतो. एकेकाळी ओबरम्युलरच्याच अंगावर असलेला गणवेश पुढे त्यालाच अटक करतो, ही नाटकातील सर्वांत बोचरी गंमत आहे.

दरम्यान फोग्ट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहतो. काम मागायला गेला की राहण्याचा परवाना विचारतात. परवाना मागायला गेला की काम आहे का ते विचारतात. देश सोडून जायचे तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्ट द्यायला कोणी तयार नाही. वैतागून तो पोलीस ठाण्यातून कागदपत्रे चोरण्याचा प्रयत्न करतो व पुन्हा तुरुंगात जातो. तेथील लष्करवेडा अधीक्षक १८७० च्या सेडानच्या लढाईचा वर्धापनदिन कैद्यांकडून ती लढाई वठवून साजरा करतो. सैन्यात कधीच न गेलेल्या फोग्टला लष्करी हुकूम आणि हुद्दे यांचे शिक्षण मिळते ते असे, सरकारी खर्चाने, तुरुंगात.

सुटकेनंतर तो बहिणीच्या घरी राहतो. मेव्हणा होप्रेष्ट हा सरळमार्गी, कायद्यावर श्रद्धा असलेला सरकारी नोकर. त्या घरातील एक आजारी मुलगी फोग्टच्या मायेचा विषय होते. तो तिला परीकथा वाचून दाखवतो. ती मुलगी दगावते. तिच्या अंत्यविधीच्या दिवशीच फोग्टच्या हाती हद्दपारीचा कागद पडतो. त्या संध्याकाळी मेव्हण्या-मेव्हण्यांत जो वाद होतो, तो नाटकाचा गाभा आहे. व्यवस्था माणसासाठी की माणूस व्यवस्थेसाठी, असा हा वाद आहे. होप्रेष्ट दुष्ट नाही. तो प्रामाणिकपणे व्यवस्थेच्या बाजूने बोलतो आणि म्हणूनच फोग्टचे उत्तर प्रेक्षकाच्या मनाला भिडते.

रंगमंचावरून पडद्यावर

चित्रपटाची पटकथा स्वतः त्सुकमायर आणि आल्ब्रेष्ट योझेफ यांनी लिहिली. छायालेखन एवाल्ड डाउब यांचे, तर कलादिग्दर्शन फ्रान्झ श्र्योडर यांचे होते. दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड हे मूळचे व्हिएन्नाचे. मूकपटाच्या काळातच त्यांनी समाजाला अडचणीचे वाटणारे विषय हाताळले होते. समलैंगिकांना गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याविरुद्धचा 'आंडर्स आल्स डी आंडर्न' (१९१९) हा त्यांचाच चित्रपट. १९३० मध्ये त्यांनी फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणावर बोलपट काढला. निरपराध लष्करी अधिकाऱ्यावरील अन्यायाची ती कथा आणि वर्षभराने आलेली खोट्या लष्करी अधिकाऱ्याची ही कथा, दोन्हींत प्रश्न एकच होता : अधिकाराला जाब कोणी विचारायचा?

या घटनेवरचा हा पहिलाच चित्रपट नव्हता. १९०६ मध्येच, फोग्टची चर्चा ताजी असताना, तिच्यावर छोटे मूकपट निघाले. १९२६ मध्ये झीगफ्रीड डेसाउअर यांनी हेरमान पिखा या नटाला घेऊन मूकपट काढला. पण ही कथा खऱ्या अर्थाने बोलपटाचीच होती. फोग्टला हरवतात ते शब्द : कचेरीतले तुटक प्रश्न, अर्जांची भाषा, दरडावणी. आणि त्याला जिंकून देतात तेही शब्दच. अंगावर गणवेश असला तरी तोंडातून हुकूम योग्य आवाजात आणि योग्य क्रमाने निघाला नसता, तर सैनिक हलले नसते. आवाज बदलला की माणूस बदलतो, हे मूकपटाला दाखवता येणे अवघड होते.

भाषेचाही मोठा वाटा आहे. खरा फोग्ट पूर्व प्रशियाचा. नाटक-चित्रपटातला फोग्ट मात्र बर्लिनची बोली बोलतो. अधिकारी प्रमाण, करकरीत जर्मन बोलतात आणि हा मनुष्य रस्त्यावरच्या बोलीत. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज बोलपटाने प्रथमच प्रेक्षकाच्या कानांपर्यंत पोहोचवला.

माक्स आडालबर्ट यांचा फोग्ट

रंगमंचावर हाइन्झ हिल्पर्ट यांच्या दिग्दर्शनाखाली फोग्टची भूमिका प्रथम वेर्नर क्राउस यांनी केली. 'डॉ. कालिगारी'च्या भूमिकेमुळे ते जगाला ठाऊक होते. नाटक चालू असतानाच ही भूमिका माक्स आडालबर्ट यांच्याकडे आली आणि चित्रपटासाठीही त्यांचीच निवड झाली. आडालबर्ट यांचा जन्म १८७४ मध्ये डान्झिग येथे झाला होता. पण बर्लिनकरांनी त्यांना आपलाच विनोदी नट मानले होते. कोरडा आवाज, तुटक संवादफेक आणि हसू न येणारा चेहरा ही त्यांची खासियत.

या भूमिकेत त्यांनी विनोदासाठी वेगळे काही 'केले' नाही, हेच त्यांचे यश. त्यांचा फोग्ट बावळट नाही आणि वीरही नाही. तो थकलेला, पण आतून चिवट असा मनुष्य आहे. गणवेश घातल्यावरही तो एकदम रुबाबदार दिसत नाही. ओघळलेले खांदे आणि वाकडी चाल कायम राहतात. तरीही सगळे त्याला सलाम करतात. प्रेक्षकाला दिसते ते समोरच्या सैनिकाला दिसत नाही, कारण सैनिक माणसाकडे पाहतच नाही. आडालबर्ट यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोठी चित्रपटभूमिका ठरली. ७ सप्टेंबर १९३३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

इतर भूमिकांत महापौर ओबरम्युलरच्या भूमिकेत माक्स ग्युलस्टोर्फ, त्याच्या पत्नीच्या भूमिकेत केटे हाक, मेव्हणा होप्रेष्टच्या भूमिकेत फ्रीडरिश काइसलर आणि शिंपी वोर्मसरच्या भूमिकेत हेरमान फालेंटिन असे रंगभूमीवर मुरलेले नट होते.

१९३१ मध्ये १९०६ ची कथा कशासाठी?

चित्रपट आला तेव्हा कैसर जाऊन तेरा वर्षे लोटली होती. मग त्याच्या काळातील लष्करवेडाची थट्टा पुन्हा कशासाठी? याचे उत्तर बर्लिनच्या रस्त्यांवर होते. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. निरनिराळ्या पक्षांची गणवेशधारी दले रस्त्यांवर एकमेकांना भिडत होती. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोनच आठवडे आधी, ८ डिसेंबर १९३१ रोजी, सरकारला आणीबाणीच्या वटहुकुमाद्वारे राजकीय गणवेशांवर बंदी घालावी लागली. त्याच हिवाळ्यात नोंदणीकृत बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात पोहोचली. काम नाही म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारा फोग्ट प्रेक्षकांना पंचवीस वर्षांपूर्वीचा वाटला नाही, तो शेजारच्या रांगेतला वाटला.

नाझींनाही या नाटकाचा रोख कळला होता. त्यांच्या वृत्तपत्रांनी त्सुकमायर यांच्यावर चिखलफेक केली. १९३३ मध्ये सत्ता हाती येताच त्यांच्या नाटकांचे प्रयोग बंद पडले. त्यांच्या आईचे घराणे मूळचे ज्यू होते. ते आधी ऑस्ट्रियात राहिले. १९३८ मध्ये तो देशही हिटलरने गिळल्यावर स्वित्झर्लंडमार्गे १९३९ मध्ये अमेरिकेला गेले आणि व्हरमाँट राज्यात शेती करून राहिले. ज्यू असलेले ओस्वाल्ड हेही जर्मनीतून बाहेर पडले. फालेंटिन यांनी पॅलेस्टाइन गाठले आणि १९४५ मध्ये तेल अवीव येथे त्यांचा अंत झाला. पहिला रंगमंचीय फोग्ट साकारणारे वेर्नर क्राउस मात्र जर्मनीतच राहिले आणि १९४० च्या 'यूड स्यूस' या कुप्रसिद्ध ज्यूविरोधी प्रचारपटात झळकले. कागदपत्रांअभावी बेघर झालेल्या माणसाची कथा सांगणारे कलावंत दोन-तीन वर्षांत स्वतःच परक्या देशांच्या दारांत कागदपत्रे घेऊन उभे होते.

पुढील आवृत्त्या

ओस्वाल्ड यांना ही कथा सोडवत नव्हती. १९४१ मध्ये त्यांनी हॉलिवूडमध्ये ती इंग्रजीत पुन्हा चित्रित केली. फोग्टच्या भूमिकेत आल्बर्ट बासरमान हे निर्वासित जर्मन नट होते. तो चित्रपट प्रेक्षकांसमोर यायला १९४५ उजाडले आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. १९५६ मध्ये हेल्मुट कॉइटनर यांनी पश्चिम जर्मनीत रंगीत आवृत्ती काढली. हाइन्झ र्‍यूमान यांच्या फोग्टने त्या पिढीला वेड लावले आणि परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर स्पर्धेत तिला नामांकन मिळाले. १९९७ मध्ये फ्रांक बायर यांनी हाराल्ड युन्के यांना घेऊन दूरचित्रवाणीसाठी ती पुन्हा केली. र्‍यूमान यांचा चित्रपट अधिक लोकप्रिय आणि हळवा. १९३१ चा बोलपट अधिक कोरडा आणि धारदार. ज्या बर्लिनची ही कथा आहे त्या बर्लिनचा आवाज मात्र जुन्या चित्रपटातच ऐकू येतो.

मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचे काही

मराठी रसिकाला या कथेचा पोत अगदीच अनोळखी वाटणार नाही. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेल्या 'अंमलदार' या नाटकातही एका सामान्य माणसापुढे सारे गाव लोटांगण घालते. फरक असा की, तेथे गावकऱ्यांचा गैरसमज होतो आणि उपरा माणूस त्याचा लाभ उठवतो. क्योपेनिकमध्ये गैरसमज हेतुपुरस्सर शिवून घेतलेला आहे. शिवाय गोगोलच्या गावाला आपली लबाडी उघडी पडण्याचे भय आहे. क्योपेनिकचा महापौर तसा स्वच्छ माणूस आहे. तो वाकतो तो पापभीरूपणाने नव्हे, सवयीने.

नाटकात फोग्टला नगरभवनातही पासपोर्ट मिळत नाही. पासपोर्टचे खाते क्योपेनिकला नाहीच, ते जिल्ह्याच्या कचेरीत आहे, हे त्याला सारे नगर काबीज केल्यावर कळते! तिजोरी हाती लागते, पण हवा तो कागद नाही. अखेर पासपोर्टच्या आश्वासनावर तो स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. चौकशीत अधिकारी त्याला गणवेश घालून दाखवायला सांगतात. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःला त्या वेषात आरशात पाहतो आणि हसत सुटतो. हा मनुष्य कॅप्टन आहे यावर विश्वास ठेवणे शक्यच नाही, हे त्या आरशासमोर सर्वांत आधी त्यालाच उमगते.

जर्मन भाषेत अशा तोतयेगिरीला आजही 'क्योपेनिकियाडे' म्हणतात. ज्या नगरभवनात हा प्रकार घडला त्याच्या दारापाशी १९९६ पासून फोग्टचा पुतळा उभा आहे. त्या दिवशी अटक झालेल्या महापौराचे नाव फार थोड्यांच्या लक्षात आहे; अटक करणाऱ्या चांभाराला मात्र त्याच नगराने कायमचा पासपोर्ट देऊन टाकला आहे.

दृष्टिक्षेपात

चित्रपट : डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक (जर्मन, कृष्णधवल)
प्रथम प्रदर्शन : २२ डिसेंबर १९३१, बर्लिन
दिग्दर्शक : रिचर्ड ओस्वाल्ड
मूळ नाटक : कार्ल त्सुकमायर (पहिला प्रयोग ५ मार्च १९३१)
पटकथा : कार्ल त्सुकमायर, आल्ब्रेष्ट योझेफ
छायालेखन : एवाल्ड डाउब
प्रमुख भूमिका : माक्स आडालबर्ट, माक्स ग्युलस्टोर्फ, केटे हाक, फ्रीडरिश काइसलर, हेरमान फालेंटिन